न धुतलेलं नाणं

गुरुवारी सकाळी ऑर्विल क्राउसने नाश्त्याच्या टेबलाशी बसून आधी पांढरे सुती हातमोजे चढवले आणि मग अन्नाबद्दल देवाचे आभार मानले. त्याची बायको आर्डिस हिला हा क्रम अजिबात पसंत नव्हता. पण लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती की नापसंतीसुद्धा आता ती भुवई न हलवता व्यक्त करत असे. तिने पॅनकेकवर मेपलचा पाक ओतला आणि ताटली त्याच्यापुढे जरा जोरात ठेवली.

"पाक आहे समोर. आधी खाऊन घे, मग काढ ते नाणं."

"या खिडकीसारखा उजेड घरात दुसरीकडे कुठे नाही," ऑर्विल म्हणाला. "नाण्याचा रंग सकाळच्या उजेडातच कळतो."

"कळायचंय काय त्यात? तपकिरी आहे."

ऑर्विलने दुखावल्यासारखे डोळे मिटले. "तपकिरी! अगं, ब्राँझने शंभराच्या वर वर्षं हवा खाल्ली की त्याला जी कळा येते तिला तू तपकिरी म्हणतेस? अक्रोडाचं लाकूड बघ. जुनं चामडं बघ."

"माझ्या कॉफीच्या भांड्याचं बूड बघ," आर्डिस म्हणाली आणि दुसरा घाणा टाकायला शेगडीकडे वळली.

ते नाणं म्हणजे १८७७ सालचा एक सेंट. त्या साली बाजार मंदीत होता, टांकसाळीने सेंट पाडले ते फार थोडे. त्यामुळे छंदिष्टांच्या पेट्यांत त्या सालच्या जागी बहुधा नुसतं भोक असतं. ऑर्विलच्या पेटीत भोक नव्हतं आणि ही गोष्ट ओहायोतल्या आमच्या एल्डर्सबर्गमध्ये ज्याला माहीत नाही असा माणूस बहुतेक बहिराच असावा. शेतावरच्या एका लिलावात, कोठाराच्या मागे, एका शेतकऱ्याने ते त्याला गाडीच्या टपावर ठेवून दाखवलं होतं. "जुनं दिसतंय बुवा. घेतोस का?" ऑर्विलने तोंड पाडलं, खांदे उडवले, उपकार केल्यासारखं करून घेतलं आणि गाडी गावाच्या हद्दीत येईपर्यंत श्वास सोडला नाही.

ही कथा तो चर्चच्या तळघरात, प्रार्थनेनंतरच्या कॉफीला, दर थोड्या दिवसांनी सांगे. शेवट ठरलेला असे : "त्या बिचाऱ्याला कळलंच नाही हो, हातात काय आहे ते!" मग तो हसे आणि त्याच्या नाण्यांच्या मंडळातले चार म्हातारेही हसत. वर वेदी होती, खाली हे हसणं होतं आणि दोहोंच्या मधे फक्त एक लाकडी तक्तपोशी. पाद्रीबाबा तेवढे कॉफीचा कप घेऊन दुसऱ्या टेबलाकडे जात.

मंडळाचा अध्यक्ष ऑर्विलच होता. त्याच्या धर्मात आज्ञा एकच होती : नाणं कधीही धुवायचं नाही. घासायचं तर नाहीच नाही. गेल्या शरद ऋतूत मंडळाने गावातल्या लोकांची जुनी नाणी फुकट पारखून द्यायचा दिवस ठेवला तेव्हा मेबेल डिट्मर आपल्या नवऱ्याची नाण्यांची डबी घेऊन आली होती. रे डिट्मर वसंतात गेला होता. चार माणसांत न्यायची वस्तू म्हणून मेबेलने अख्खी दुपार बसून एकेक सेंट टोमॅटो सॉस आणि दात घासायच्या ब्रशने घासून लखलखीत केला होता. मेबेल आणि ऑर्विल शाळेत एका बाकावर बसलेले. पण ऑर्विलने डबीत डोकावून सगळ्यांसमोर आवाज चढवला.

"मेबेल, हा खून आहे. सरळसरळ खून! यांची आता किंमत शून्य. घरी जा आणि बटाट्याच्या काचऱ्यांबरोबर खाऊन टाक, सॉस लागलेलाच आहे."

म्हातारे हसले. मेबेलने डबीचं झाकण लावलं. ते नीट बसेना, म्हणून तिने ते तळहाताने दाबलं आणि ती गेली. आपण एका बाईला ज्ञान दिलं, अशा समाधानात ऑर्विलने त्या दिवशी दोन डोनट जास्त खाल्ले.

आणि आता येत्या शनिवारी मंडळाचं प्रदर्शन होतं. कोलंबसहून लिंडक्विस्ट नावाचे पारखी येणार होते. १८७७चा सेंट खरा आणि उत्तम आहे, असा शब्द त्यांनी दिला की ऑर्विलचं नाव राज्याच्या संघाच्या परीक्षकांत जाणार होतं. परीक्षकाला कोटावर लावायचा निळा बिल्ला मिळतो. ऑर्विलने त्या कोटाला आधीच इस्त्री करून ठेवली होती.

तर गुरुवारी सकाळी नाणं पुठ्ठ्याच्या जुन्या पाकिटातून काढून प्लॅस्टिकच्या नव्या डबीत घालायचं होतं. पाकिटाला टाचण्या मारलेल्या. शेवटची टाचणी चिवट निघाली. ऑर्विलने पकडीने जोर लावला, टाचणी सुटली आणि त्याबरोबर नाणंही. ते हवेत एकदा उलटलं आणि पॅनकेकच्या कडेला साचलेल्या पाकात जाऊन बसलं.

ऑर्विलच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून आर्डिसला वाटलं, याला झटका आला. तिने वळून पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"एवढंच ना? नळाखाली धर."

"नळाखाली? नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं!"

"मग पुसून टाक फडक्याने."

"पुसू?" ऑर्विलचा आवाज चिरकला. "पुसू? उद्या सांगशील सॉस लाव!"

"मी काही सांगत नाही. तुझं नाणं, तुझा पाक."

त्याने नाणं कडांना धरून बाहेर काढलं. ठेवायचं कुठे? टेबलावर संत्र्याचा रस होता, तो आंबट. मीठ होतं, लोणी होतं, सगळे ब्राँझचे वैरी. त्याने एका बशीत नाणं ठेवलं, बशी बाजूच्या खुर्चीवर ठेवली आणि शुद्ध पाण्याची बाटली आणायला तो तळघरात पळाला. खाली गेल्यावर पाणी बरं की नखांचा रंग काढायचं ॲसिटोन बरं, यावर त्याचा स्वतःशीच वाद झाला. ॲसिटोनने साखर विरघळत नाही, हे त्याला आठवलं आणि तो पाणी घेऊन वर आला.

बशी स्वच्छ होती. इतकी स्वच्छ की ती तशीच कपाटात ठेवता आली असती. खुर्चीशेजारी डचेस, आर्डिसची म्हातारी शिकारी कुत्री, चर्चमधल्या रविवारच्या वर्गातल्या गुणी मुलीसारखी बसून शेपटीने फरशी झाडत होती.

"डचेस," आर्डिस कण्हली. "अगं बाई, काय केलंस?"

"थुंक!" ऑर्विल गुडघ्यांवर बसून ओरडला. "थुंक ते!"

डचेसने त्याचा हातमोजा चाटला. त्यालाही पाक लागला होता.

प्राण्यांच्या दवाखान्याकडे जाताना गाडीत दोघांना दोन काळज्या होत्या. "तिच्या आतड्यात अडकलं तर?" आर्डिस म्हणाली. "आम्ल असतं पोटात," ऑर्विल म्हणाला. "तिचं वय झालंय रे." "ब्राँझवर आम्ल! देवा!" देवाचं नाव त्या दिवसात त्याने दुसऱ्यांदा घेतलं, आणि पहिल्यापेक्षा मनापासून.

दवाखान्याच्या काउंटरमागे मेबेल डिट्मर बसली होती. रे गेल्यापासून ती इथे कामाला येई. तिला पाहून ऑर्विल दारातच थबकला. १८७७चा सेंट पाकात पडला आणि कुत्रीने खाल्ला, हे हिला कळलं की रविवारच्या कॉफीपर्यंत गावाला कळणार. आणि हसणारे म्हातारे तेच चार असणार, फक्त हसतील दुसऱ्या बाजूने.

"काय झालं डचेसला?" मेबेलने विचारलं.

"सेंट गिळलाय," ऑर्विल घाईने म्हणाला. "साधा. एक सेंट."

"योडरांच्या गोठ्यात गेल्यात डॉक्टर, गाय अडलीये. बसा तुम्ही. येतील."

ते बसले. गाय काही घाई करीना. डचेस आर्डिसच्या पायाशी झोपून घोरू लागली. ऑर्विल तिच्या पोटाला कान लावून बसला, जणू आत कोणी त्याला हाक मारणार होतं. मग उठला, येरझारा घातल्या, परत बसला.

"किती जीव आहे रे तुझा कुत्रीवर," मेबेल म्हणाली. "मला वाटलं नव्हतं."

आर्डिसने खिडकीबाहेर पाहिलं.

अखेर डॉक्टर ब्रँट आल्या. चिखलाचे बूट काढता काढता त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : "नाणं कुठल्या सालचं?"

ऑर्विल डचेसचं डोकं थोपटू लागला. बाई समजावून सांगू लागल्या. "म्हणजे बघा, ब्याऐंशीच्या आधीचं असेल तर ब्राँझ. त्याने एवढं काही होत नाही. पाव चारायचा आणि वाट बघायची, दोन-तीन दिवसांत मागल्या दाराने येतं. पण त्यानंतरच्या सेंटमध्ये आत जस्त, वर नुसता तांब्याचा मुलामा. ते पोटात विरघळतं आणि विष होतं. तसलं असेल तर आत्ताच्या आत्ता काढायला हवं."

दोन-तीन दिवस! म्हणजे शनिवार, नाहीतर रविवार. तोवर आम्लात. आणि वर ते मागलं दार. ऑर्विलच्या डोळ्यांपुढून निळा बिल्ला तरंगत गेला.

"त्र्याऐंशी," तो म्हणाला. "एकोणीसशे त्र्याऐंशी. मी स्वतः पाहिलंय."

आर्डिसने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मेबेलने चष्म्यावरून पाहिलं. गावात नाण्याचं साल अंधारात बोटाने चाचपून सांगणारा एकच माणूस होता आणि तो आत्ता घाम पुसत होता.

"ऑर्विल," आर्डिस हळूच म्हणाली, "नीट आठव."

"आठवतंय मला."

"बायबलवर हात ठेवून सांगशील?"

"इथे बायबल कुठाय?"

आर्डिस डॉक्टरांकडे वळली. "पोटबिट फाडायचं नाही, सांगून ठेवते."

"छे हो. ईस्टरला तिने चॉकलेटची टोपली खाल्ली होती ना, तेव्हा दिली होती तीच सुई. ओकून मोकळी होईल."

सुई दिली आणि डचेसने कुरकुर न करता जे होतं ते सगळं परत केलं. आधी पॅनकेकचा एक तुकडा, तो आर्डिसच्या हिशेबातच नव्हता, मग एक रबरी बूच, आणि शेवटी नाणं. ऑर्विल झेपावला. पण मेबेल हातात रबरी मोजे घालून तयारच होती.

"थांब रे, घाण आहे. धुऊन देते."

"नको!" ऑर्विल म्हणाला.

"नको?"

"म्हणजे... उगाच तुला कशाला त्रास."

"त्रास कसला," मेबेल म्हणाली. तिने बेसिनचा नळ सोडला, साबण घेतला आणि फळीवरचा कुत्र्यांचे दात घासायचा ब्रश उचलला. ब्रश नाण्यावर टेकवून ती थांबली. "त्र्याऐंशीचंच ना, ऑर्विल?"

तिने विचारलं ते अगदी मऊ आवाजात. डॉक्टर बघत होत्या, आर्डिस बघत होती. खरं सांगावं तर एका म्हाताऱ्या कुत्रीला रंगासाठी सुई टोचवली, हे कबूल करायचं. न सांगावं तर ब्रश.

"हो," ऑर्विल म्हणाला.

"मग घासायला हरकत नाही."

"नाही."

मेबेलने घासलं. पुढून घासलं, मागून घासलं, कडेने गोल फिरवून घासलं. बेसिनमधून तपकिरी पाणी वाहू लागलं. "बाई, बाई, किती मळ हा! नव्या नाण्यावर एवढा?" ती म्हणत होती. ऑर्विल त्या पाण्याकडे असा पाहत होता की जणू त्याच्या घराण्याचं रक्त नाल्याला चाललंय. शेवटी नाणं गुलाबी निघालं, डुकराच्या नव्या पिल्लासारखं, आणि मेबेलने ते पुसून काउंटरवरच्या बशीत टाकलं. कुणाला सुटा सेंट उरला तर टाकावा, कुणाला कमी पडला तर घ्यावा, यासाठी ती बशी तिथे असते.

ऑर्विलने पैसे देताना खिसे चाचपायचं बरंच नाटक केलं. "एक सेंट कमी पडतोय बघ."

"राहू दे रे. एका सेंटने काय होतंय!"

"नाही नाही, कुणाचं ठेवायचं नाही आपण." त्याने बशीत बोटं घातली.

"अरे, वर चार पडलेत. तो ओलाच कशाला?"

"हाच हाताला लागला," ऑर्विल म्हणाला. मग तो सेंट आपल्या खिशात टाकून त्याने खिशातलाच दुसरा काढून तिला दिला आणि दार लोटून बाहेर पडला. आपण काय केलं हे कुणाला कळलं नाही, अशी त्याची समजूत होती. ऑर्विलच्या समजुती नेहमी भक्कम असत.

शुक्रवारी त्याने त्याच्या धर्मात ज्याचं नाव घेण्याचीही बंदी होती ते पाप केलं. नाण्याला वरून रंग चढवला. उकडलेलं अंडं फोडून बरणीत ठेवलं, शेजारी नाणं ठेवलं आणि झाकण लावलं. अंड्याच्या गंधकाने ब्राँझ काळवंडतं, हे मंडळाच्या सभेत लबाडांची युक्ती म्हणून तोच सांगत असे.

"ते अंडं मी सॅलडसाठी ठेवलं होतं," आर्डिस म्हणाली.

"तुला अंड्याची पडलीये!"

"मला सगळ्याचीच पडलीये, ऑर्विल. विचारायला तुलाच उशीर होतो."

नाणं तपकिरी झालं नाही. एका गालावर जांभळं आणि कपाळावर करडं झालं. ऑर्विलने मनाशी म्हटलं, नाणं खरं आहे ना, मग झालं. लिंडक्विस्ट फार तर म्हणतील, कुणी मूर्खाने धुतलंय. आपण म्हणू, घेतलं तेव्हापासून असंच होतं. खरं ते खरंच राहतं. खऱ्याबद्दल त्याला त्या आठवड्यात प्रथमच एवढी आस्था वाटली.

शनिवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सगळं गाव जमलं होतं. बाहेर बाप्टिस्ट बायकांचा ॲपल-पायचा स्टॉल, आत काचेच्या पेट्या. ऑर्विल इस्त्रीच्या कोटात होता, बिल्ल्याची जागा मोकळी. मेबेल भिंतीशी उभी होती, काखेत रेची डबी. लिंडक्विस्ट म्हणजे वाळका, सौम्य माणूस. त्यांनी नाणं उचललं, उलटलं, मग नाकाशी नेलं.

"अंडं?" त्यांनी विचारलं.

त्यांनी भिंग लावलं आणि एवढा वेळ पाहिलं की बाहेरच्या बायकाही दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हे धुतलंय कुणी?"

"मिळालं तेव्हाच—" ऑर्विलने सुरुवात केली.

"मी धुतलं," मेबेल भिंतीपासून म्हणाली. "परवा. साबणाने. पण मला सांगितलं होतं की ते त्र्याऐंशीचं आहे."

सगळ्यांच्या माना ऑर्विलकडे वळल्या. डॉक्टर ब्रँट ॲपल-पायचा घास तोंडाशी धरून थांबल्या.

"बाई, तुमचे आभार मानायला हवेत," लिंडक्विस्ट म्हणाले. "नाहीतर हे दिसलंच नसतं. हा शेवटचा सात बघा. मूळचा पाच आहे. पोट कापून त्याचा सात केलाय, कानशीचे ओरखडे अजून आहेत. नाणं १८७५चं. ते झाकायला वरून मेण आणि बुटाचं पॉलिश थापलं होतं. काम सुबक आहे, करणारा अनाडी नव्हता."

"अशक्य!" ऑर्विल म्हणाला. "त्याची कळा... अक्रोडासारखी कळा होती त्याला!"

"खरी कळा साबणाने जात नाही, मिस्टर क्राउस. इतक्या वर्षांत तुम्ही एकदा जरी ते धुतलं असतं तर तुम्हालाच कळलं असतं. घेतलंत कुणाकडून?"

उत्तराची गरजच नव्हती, ती कथा हॉलमधल्या खुर्च्यांनासुद्धा पाठ होती. मेबेलने डबी दुसऱ्या काखेत घेतली आणि अगदी हळू, प्रार्थनेतलं शेवटचं वाक्य म्हणावं तसं म्हणाली :

"त्या बिचाऱ्याला कळलंच नाही म्हणे, हातात काय आहे ते."

सगळ्यांत आधी पाद्रीबाबा हसले. मग ते चार म्हातारे.

हसणं ओसरल्यावर लिंडक्विस्टांनी नाणं ऑर्विलच्या तळहातावर ठेवलं. "वाईट वाटतं," ते म्हणाले आणि त्यांना खरंच वाटत होतं. "त्र्याऐंशीचं असतं तर निदान एका सेंटला तरी चाललं असतं." मग त्यांनी मेबेलला हात करून बोलावलं, डबी उघडली आणि एकेक नाणं भिंगाखाली धरलं. घासलेली होती सगळी, किंमत काही फार नव्हती. "पण बाई," ते म्हणाले, "यांतलं एकही खोटं नाही."

"रेची आहेत," मेबेल म्हणाली आणि तिने झाकण लावलं. या वेळी ते नीट बसलं.

रविवारी सकाळी ऑर्विलने हातमोजे घातले नाहीत. आर्डिसने पाक ओतला, ताटली हळूच ठेवली. त्याने हात जोडले, डोळे मिटले आणि तो प्रार्थना करू लागला. बरंच काही साठलं असावं, कारण प्रार्थना लांबली. आर्डिसला ती मोडवेना. टेबलाखाली डचेसच्या पट्ट्याला आर्डिसने भोक पाडून अडकवलेला १८७५चा सेंट एकदा किणकिणला, मग टेबलाच्या वर किणकिणला. ऑर्विलने "आमेन" म्हणून डोळे उघडले, तेव्हा ताटली धुतल्यासारखी स्वच्छ होती.